बायबल परवानगी देतं का, हा प्रश्नच अपुरा आहे

हिंगणीहून सेलूला जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेल्या एका काकूंनी मला विचारलं, "तू कायचा अभ्यास करून रायली, पोरी?" मी माझं नेहमीचं दोन ओळींचं उत्तर दिलं: लग्न, चर्च आणि कायदा. काकू थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग मले सांग, नवरा मारत असन तं बायबलात सोडाले परवानगी हाय का? पास्टरले इचारलं तं म्हणे, प्रार्थना कर, देव बदलवते त्याले. बारा वर्स झाले मी प्रार्थना करून रायली."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

मी लगेच "हो, आहे" म्हटलं आणि उत्साहात सांगायला लागले. निर्गम, मत्तय, करिंथकरांस पत्र. तेव्हा एक पुस्तक नुकतंच वाचून संपवलं होतं, डोकं त्यातच होतं. सेलू आलं तेव्हा काकू पिशवी उचलत म्हणाल्या, "म्हणजे हे सारं आता मले त्याईले समजावून सांगा लागन?"

तो प्रश्न गेले कित्येक महिने माझ्यासोबत आहे. आजची पोस्ट त्या पुस्तकाबद्दल आहे, आणि त्या प्रश्नाबद्दलही.

पुस्तक काय म्हणतं

पुस्तकाचं नाव 'डिव्होर्स अँड रीमॅरेज इन द चर्च', साल २००३. लेखक डेव्हिड इन्स्टोन-ब्रूअर हे बाप्टिस्ट पाळक आणि केंब्रिजच्या टिंडेल हाऊसमधले संशोधक. त्याआधी २००२ मध्ये त्यांनी याच विषयावर अभ्यासकांसाठी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. हे पुस्तक मंडळीतल्या साध्या वाचकासाठी आहे.

त्यांचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात दासी म्हणून घरात आलेल्या बायकोबद्दल नियम आहे. नवऱ्याने दुसरी केली तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करायचे नाहीत. केले तर ती मोकळी. यहुदी धर्मपंडितांनी यावरून साधा हिशोब मांडला: दासीला एवढा हक्क असेल तर स्वतंत्र स्त्रीला असणारच. म्हणजे जबाबदारी न पाळणाऱ्या नवऱ्यापासून सुटण्याची वाट येशूच्या काळात सगळ्यांना माहीत होती.

मग मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू सोडचिठ्ठीबद्दल इतकं कडक का बोलतो? लेखकाचं म्हणणं असं की तिथे परूशी एका चालू वादाबद्दल विचारत होते. हिल्लेलच्या पंथाने अनुवादाच्या पुस्तकातल्या एका शब्दप्रयोगावरून 'कुठल्याही कारणाने' बायको सोडायची सोय काढली होती. शम्मायच्या पंथाला ती मान्य नव्हती. येशूने नाकारली ती ही 'कुठल्याही कारणाची' सोय, म्हणजे पुरुषाच्या मर्जीवर चालणारी फारकत. निर्गमातल्या हक्कांबद्दल तो तिथे बोलला नाही, कारण त्याबद्दल वाद नव्हता.

आपण आज ते उत्तर वाचतो आणि मूळ प्रश्न विसरतो. त्यामुळे बायकांना वाऱ्यावर सोडण्याविरुद्धचं उत्तर मार खाणाऱ्या बाईला घरात कोंडून ठेवायला वापरलं जातं. पुस्तकाचं हे निदान मला फार मोलाचं वाटतं.

याच दिशेचं आणखी थोडं

इन्स्टोन-ब्रूअर एकटे नाहीत. वेन ग्रूडेम हे अमेरिकेतले पुराणमतवादी ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक, घरात नवरा हाच मस्तक असं ठामपणे मांडणारे. त्यांनी वर्षानुवर्षं घटस्फोटाची दोनच कारणं मान्य केली होती: व्यभिचार आणि त्याग. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी मत बदलल्याचं जाहीर केलं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की अविश्वासी जोडीदार सोडून गेला तर 'अशा प्रसंगी' विश्वासी माणूस बांधलेला नाही. ग्रूडेम यांनी हा ग्रीक शब्दप्रयोग बायबलबाहेरच्या जुन्या लेखनात शोधला. तो त्याच एका प्रसंगापुरता नसून त्या जातीच्या इतर प्रसंगांनाही लागू होतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा मारहाणही त्यात येऊ शकते.

दुसरं उदाहरण मलाखीचं. देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे, हे मंडळीत प्रत्येकाला पाठ असतं. पण हिब्रूत 'द्वेष करणे' हे क्रियापद तिथे तृतीयपुरुषी आहे. 'मी द्वेष करतो' असा अर्थ थेट निघत नाही. म्हणून २००१ आणि २०११ च्या दोन मोठ्या इंग्रजी भाषांतरांनी वाक्य फिरवलं. तिथे द्वेष करणारा आणि बायकोला टाकणारा नवरा हा कर्ता झाला. भाषांतर कुठलंही घ्या, त्याच वचनाचा पुढचा भाग हिंसेने आपलं वस्त्र झाकणाऱ्याबद्दल आहे. हा भाग मात्र पाठ असलेलं माणूस मला क्वचितच भेटलंय.

कॅथलिक बाजूला विवाह अतूट मानतात, घटस्फोट नाही. पण १९८३ च्या चर्चच्या कायद्यातलं कलम ११५३ बघा. जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला, किंवा मुलांना, गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याला ते योग्य कारण आहे. त्यासाठी बिशपांचा आदेश घ्यायचा असतो. पण थांबण्यात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारातही निघता येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया'त असं वेगळं होणं काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं, असं म्हटलं आहे.

थोडक्यात, 'बायबलात नाही' किंवा 'चर्चमध्ये चालत नाही' हे उत्तर टिकत नाही. इथपर्यंत मी या संशोधकांची ऋणी आहे.

माझी हरकत कुठे आहे

पहिली हरकत: या पुस्तकात मारहाण आडवाटेने येते. अन्न, वस्त्र आणि प्रेम देणं ही जबाबदारी. मारहाण म्हणजे ती न पाळण्याची टोकाची पायरी, अशी मांडणी आहे. तर्क म्हणून चालेल. पण त्यात हिंसा म्हणजे कशाची तरी उणीव ठरते. काकूंच्या घरात दोन वेळचं जेवण आहे, साडी आहे, नवरा दर रविवारी उपासनेला सोबत येतो. तिथे उणीव शोधत बसलात तर काही सापडणार नाही. कारण मारणं ही उणीव नाही, ती केलेली गोष्ट आहे.

दुसरी हरकत अधिक मोठी. सगळा युक्तिवाद 'परवानगी आहे का' या प्रश्नाभोवती फिरतो. परवानगी म्हटली की ती देणारा कुणीतरी आला. लेखक स्वतः म्हणतात की लग्नाची वचनं मोडली गेली की नाही हे ठरवण्याचा हक्क पीडित व्यक्तीचा आहे, आणि ही पुस्तकातली सर्वात धीट जागा आहे. पण तिथे पोचण्यासाठी हिल्लेल, शम्माय, हिब्रू, ग्रीक सगळं पार करावं लागतं. आमच्याकडे हे पार करून दाखवायचं ओझं कुणावर येतं? निंदणाला जाऊन, स्वयंपाक करून, रात्री मार खाऊन उठलेल्या बाईवर. समोर वचनं तोंडपाठ असलेला पाळक आणि पंचमंडळी. "त्याईले समजावून सांगा लागन?" या प्रश्नात काकूंनी हीच हरकत माझ्यापेक्षा आधी आणि कमी शब्दांत घेतली होती.

तिसरी हरकत: पुस्तक गृहीत धरतं की बाई निघाली तर जायला जागा आहे. इंग्लंडमध्येही ते सोपं नसेल. इथे तर माहेर गरीब, भाऊ म्हणतो चार दिवस राहा, आणि मंडळी हेच एकमेव नात्यांचं जाळं. जिथून निघायचं आणि जिथे मदत मागायची ती जागा एकच. मंडळी छोटी असेल, गावात आधीच संशयाने पाहिली जात असेल, तर आणखी एक वाक्य ऐकू येतं: "पोलिसात गेलीस तर सगळ्या विश्वासणाऱ्यांची बदनामी होईल." ही भीती खोटी नसते. पण तिची किंमत दरवेळी एकाच माणसाकडून वसूल केली जाते.

शेजारच्या घरात डोकावणारी परंपरा

यातली मला सर्वात खटकणारी गोष्ट आपल्या मराठी इतिहासात आहे. मराठी ख्रिस्ती लेखनात बाईच्या दुःखाकडे बघण्याची परंपरा जुनी आहे. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. विषय हिंदू विधवांचे हाल. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. घरात जगणं अशक्य झालेल्या बाईने निघावं आणि तिला छप्पर मिळावं, ही कल्पना महाराष्ट्रात रुजवण्यात या ख्रिस्ती बाईचा वाटा फार मोठा आहे.

कायद्यातही तेच. १८६६ मध्ये धर्मांतरितांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा झाला. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने टाकलं तर धर्मांतरिताला लग्नातून सुटता यावं, ही सोय त्यात होती. वर सांगितलेलं पौलाचं तेच तत्त्व इथे सरकारी कायद्यात उतरलं होतं.

आणि मग तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, ख्रिस्ती नवरा-बायकोंसाठी भारतीय घटस्फोट कायदा आला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नव्हता. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग सिद्ध करावा लागे. नुसती क्रूरता असेल तर न्यायिक विभक्तता मिळे, घटस्फोट नाही. म्हणजे नवरा जन्मभर मारत राहिला पण दुसऱ्या बाईकडे गेला नाही, तर तो कायद्याने नवराच राहणार.

हे किती काळ चाललं? १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये प्रगती वर्गीस प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. संसदेने कायदा बदलला २००१ मध्ये. आता ख्रिस्ती स्त्रीला नुसत्या क्रूरतेच्या आधारावर घटस्फोट मागता येतो, परस्पर संमतीचीही वाट आहे. एकशे बत्तीस वर्षं लागली.

मला यात एक सलग रेघ दिसते. अन्याय करणारा दुसऱ्या धर्मातला असेल तेव्हा बाईने निघावं, हे सांगायला आपल्याकडे कादंबरी होती, आश्रम होता, कायदा होता. तोच माणूस आपल्या बाकावर बसून भजन म्हणत असेल तेव्हा शब्द सापडत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपण अभिमानाने मिरवतो. १८९५ ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. कारण वेगळं होतं, मान्य. पण बाई वेगळी राहू शकते, विचार करू शकते आणि स्वतःच्या निर्णयाने पुढचं ठरवू शकते, हे त्या पुस्तकातून आपण शिकलो असतो तर बरं झालं असतं. आपण बहुतेक वेळा त्यातला 'परत आली' एवढाच भाग लक्षात ठेवतो.

मग प्रश्न कसा विचारायचा

माझ्या मते 'परवानगी आहे का' च्या आधी दोन प्रश्न यायला हवेत. हे जे चाललंय त्याला नाव काय? आणि आज रात्री सुरक्षित कुठे राहता येईल?

पहिल्याचं उत्तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा कुठल्याही ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथापेक्षा सरळ देतो. त्यात चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. मजुरीचे पैसे काढून घेणं, दागिने परस्पर विकणं, घरखर्च बंद करणं हेही त्यात येतं. मंडळीत याला खास रंग चढतो. फोन तपासायचा आणि म्हणायचं, 'पती मस्तक आहे.' मारल्यावर रडून माफी मागायची आणि तिने लगेच माफ केलं नाही तर तिलाच पापी ठरवायचं. इफिसकरांच्या पत्रातलं अधीनतेचं वचन ऐकवायचं, पण त्याच्या अगदी आधीचं, एकमेकांच्या अधीन राहण्याचं, वगळायचं. तिने पाळकाजवळ एकांतात सांगितलेलं नवऱ्यापर्यंत पोचवायचं आणि मग दोघांना समोरासमोर बसवून 'समुपदेशन' करायचं. मार देणारा शेजारी बसलेला असताना बाई खरं बोलत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची शिक्षा भोगते. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच छपराखाली झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या भागात या कायद्याचा आणखी एक उपयोग आहे, तो नीट सांगते. घरगुती प्रार्थनासभांमधल्या अनेक जोडप्यांच्या कागदावर एक धर्म असतो आणि श्रद्धा दुसरी. लग्न कधी बौद्ध पद्धतीने झालेलं, कधी हिंदू, कधी परवाना नसलेल्या पास्टरने लावलेलं. घटस्फोट कुठल्या कायद्याने मागायचा याचा गुंता तिथे होतो, त्यासाठी वकीलच लागतो. पण २००५ चा कायदा धर्म विचारत नाही. लग्नासारख्या नात्यात राहणारी बाईही त्यात येते. शिवाय त्यासाठी घर सोडलंच पाहिजे असं नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क, नवऱ्याला मनाई करणारा संरक्षण आदेश, खर्च, मुलांचा ताबा, हे सगळं घटस्फोट न मागताही मिळू शकतं. 'मला फारकत नको, फक्त मार थांबला पाहिजे' म्हणणाऱ्या कितीतरी बाया आहेत. त्यांना बायबलची परवानगी शोधत बसण्याची गरजच नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी व्यवहाराच्या गोष्टी. १८१ ही महिला हेल्पलाइन, ११२ तातडीसाठी. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यांचा नंबर १५१००. आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवाव्यात. चर्चमध्ये लग्न झालं असेल तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली रजिस्टरमध्ये नोंद असते आणि फी भरून तिची प्रत मागता येते. कॅथलिक बहिणींसाठी एक सूचना: चर्चच्या न्यायपीठाने विवाह रद्द ठरवला तरी सरकारी कायद्यात तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावंच लागतं. आणि निघण्याचा काळ बऱ्याचदा सर्वात धोक्याचा असतो, म्हणून आधी घरात जाहीर करून निघू नये.

पाळकांसाठीही या कायद्यात एक कलम आहे, चौथं. हिंसाचार होतोय असं वाटण्याला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कुठलीच जबाबदारी येत नाही. 'मी मध्ये कसा पडू' याचं उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

शेवटी

मग इन्स्टोन-ब्रूअर वाचायचे की नाही? जरूर वाचा. पण वाचायचे कुणी, हे ठरवून घेऊया. ते पुस्तक पाळकांनी वाचावं, पंचमंडळींनी वाचावं, धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांनी लावावं. माझ्यासारख्यांनी त्याचा सार सोप्या मराठीत करून त्यांच्या टेबलावर ठेवावा. ते काम मी सुरू केलंय. मार खाणाऱ्या बाईने ते वाचलंच पाहिजे अशी अट नको. तिची बाजू मांडण्याचा अभ्यास बाकीच्यांनी करायचा असतो.

काकू मला पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या तर या वेळी निर्गमापासून सुरुवात करणार नाही. आधी विचारीन, "काकू, आज घरी जाणं ठीक आहे ना?" आणि १८१ नंबर त्यांच्या फोनमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी नावाने सेव्ह करून देईन.